दुखणे रेड्याला, इंजेक्शन पखालीला



सरकारी कागदावर एक शब्द फार लाडका आहे. जनजागृती. जनावरांपासून माणसाला लागणाऱ्या रोगाची साथ आली की हा शब्द हमखास बाहेर निघतो. 'शेतकऱ्यांमध्ये व्यापक जनजागृती करण्यात यावी' असा हुकूम पुण्याहून सुटतो, जिल्ह्याला येतो, तालुक्याला उतरतो, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक कागद चिकटतो. त्या कागदाचा फोटो उलट्या वाटेने पुण्याला जातो आणि जागृती झाली म्हणून नोंद होते. ज्याला जागे करायचे तो त्या वेळी कापसाच्या तासात वाकलेला असतो, नाहीतर ज्वारीच्या राखणीला माळ्यावर बसलेला असतो.

या शब्दाच्या पोटात एक गृहीत आहे. जागे ते, झोपलेले आपण. शिकवणारे ते, अडाणी आपण. आता जरा उलटे विचारून बघू. गायीने चारा सोडला, रवंथ थांबवले, हे पहिल्यांदा कोणाला कळते? कणगीखाली मेलेला उंदीर पहिल्यांदा कोण बघते? काल भाकरीसाठी मागे फिरणारे कुत्रे आज पाण्याजवळ जात नाही, लाळ गाळते आहे, हे कोणाच्या डोळ्यापुढे घडते? पुण्यातल्या साहेबाच्या की आमच्या मायबहिणींच्या? रोगाची पहिली खबर नेहमी आपल्याच घरात जन्माला येते. ती वर जायला वाट नाही, आणि वरून खाली यायला मात्र डांबरी रस्ता आहे, हे खरे दुखणे आहे.

पुण्याचेच नाव का घेतो, असे कोणी विचारील. कारण या कारभाराची गादी पुण्याला आहे. पशुसंवर्धन आयुक्तालय औंधला. जनावरांच्या रोगांचे निदान करणारी प्रयोगशाळा औंधला. जनावरांच्या लसी तयार करणारी सरकारी संस्थाही औंधलाच. माणसांच्या विषाणूंचा तपास करणारी देशातली सर्वात मोठी संस्था, राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था, पुण्यात. १९५२ साली ती सुरू झाली आणि तिची अतिसुरक्षित प्रयोगशाळा औंधच्या शेजारी पाषाणला आहे. साथरोगांचा कारभार बघणारी सरकारी कार्यालयेही पुण्यातच. ज्ञान आहे, यंत्रे आहेत, विद्वान माणसे आहेत आणि त्यांनी कामही मोठे केले आहे. मी त्यांची टिंगल करणार नाही. माझे भांडण ते ज्ञान ज्या भाषेत, ज्या दिशेने आणि ज्या मिजाशीत खाली येते तिच्याशी आहे. ही मिजास आजची नाही. तिचा पाया पुण्यात सव्वाशे वर्षांपूर्वी घातला गेला.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईला मांडवीच्या धान्याच्या वखारींच्या भागात प्लेग आला. पुढच्या काही महिन्यांत तो पुण्यात पोचला. ४ फेब्रुवारी १८९७ ला इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला. कायदा इतका मोघम की साहेबाला वाटेल ते करायची मोकळीक. पुण्याच्या प्लेग कमिटीवर रँड नावाचा अधिकारी आणला. मार्चच्या मध्यापासून मे महिन्यापर्यंत गोरे शिपाई घराघरांत शिरले. स्वयंपाकघरात, देवघरात बुटांसकट गेले. बायामाणसांची तपासणी रस्त्यावर केली. ज्याच्या अंगात ताप त्याला इस्पितळात, घरच्यांना छावणीत, अंथरूण-पांघरूण जाळायला. पुढची गोष्ट शाळेच्या पुस्तकात आहे. २२ जून १८९७ च्या रात्री, राणीच्या राज्यारोहणाच्या साठाव्या वर्षाचा सोहळा आटोपून परतताना, गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँडला गोळी घातली. त्याच्या पाठोपाठच्या गाडीतला आयर्स्ट जागीच मेला, रँड ३ जुलैला.

चाफेकरांच्या गोळीची गोष्ट पोरासोरांनाही पाठ असते. उंदराची गोष्ट कोणी सांगत नाही, म्हणून ती सांगतो.

प्लेग हा मुळात उंदराचा रोग. रोगी उंदराच्या अंगावरची पिसू त्याचे रक्त पिते. उंदीर मेला, अंग गार पडले, की पिसू त्याला सोडून दुसरे ऊबदार अंग शोधते. उंदीर मिळाला नाही तर माणूस. म्हणून आधी उंदीर पडतात, आणि मागून काही दिवसांनी माणसे. प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँगला सापडला होता. पिसू हा रोग पोचवते हे सिमोंद नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली कराचीला दाखवले, आणि मोठमोठ्या डॉक्टरांना ते पटायला आणखी काही वर्षे गेली. म्हणजे १८९७ साली रँडचे शिपाई उंदराला सोडून माणसाला धरत होते. पिसू धान्याच्या पोत्यात, आणि झडती माणसाच्या काखेची. दुखणे रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात ते हेच.

साहेबाला त्या वेळी विज्ञानच ठाऊक नव्हते, त्याचा काय दोष, असे कोणी म्हणेल. ठीक आहे. पण उंदीर पडू लागले की घर सोडायचे, हे कुमाऊँ-गढवालच्या डोंगरातल्या अडाणी म्हटल्या जाणाऱ्या लोकांना त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते. ते उंदीर मेलेले दिसताच गाव उठवून रानात राहायला जात, आणि ही गोष्ट इंग्रज अधिकाऱ्यांनीच आपल्या दप्तरात लिहून ठेवलेली होती. कागद साहेबाच्या कपाटात होता. लोकांना विचारायची पद्धत नव्हती, म्हणून तो कपाटातच राहिला.

आणि लोकांनी काय केले? लपवले. घरात ताप आला तर माळ्यावर निजवले. माणूस मेला तर गुपचूप नेला. काही पुण्याबाहेर पळाले आणि जाताना पिसवा सोबत घेऊन गेले. खबर दिल्याबद्दल घर उघडे पडणार, माणूस हिरावला जाणार, चीजवस्तू जळणार, मग खबर कोण देईल? रँड लोकांचे वाईट करायला आला होता असे मला वाटत नाही. तो रोग मोडायलाच आला होता. पण त्याने प्रत्येक घराला एकच शिकवण दिली: बोललास तर मेलास. ज्या सरकारला खबर हवी असते त्याने देण्याजोगी सर्वात वाईट शिकवण हीच.

त्याच पुण्यात, त्याच दिवसांत, दुसरी पद्धतही चालू होती. सावित्रीबाई फुल्यांचा मुलगा यशवंत डॉक्टर होता. हडपसरजवळ ससाणे मळ्यात त्यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना घातला. शिपाई नाही, झडती नाही. सावित्रीबाई स्वतः रोग्यांना आणत. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या, आणि त्यातच त्यांना लागण झाली. १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. रँडचे शिपाई रस्त्यावर उतरायच्या तीन दिवस आधी. ज्या वस्तीत सरकारी माणसाला कोणी दार उघडले नसते तिथे बाईला दार उघडत होते, कारण ती पन्नास वर्षे त्या दारांशी बोलत आली होती. आजच्या भाषेत याला लोकसंवाद म्हणतात आणि त्याची पुण्यात चर्चासत्रे होतात. पंचतारांकित हॉटेलातल्या चर्चासत्रात ससाणे मळ्याचे नाव निघते की नाही, ठाऊक नाही.

आता आपल्या मुलखात या. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. धक्क्याच्या भीतीने शेजारच्या बीड जिल्ह्यातही लोक घरात निजेनासे झाले, बाहेर खोपटात राहू लागले. धान्य मात्र घरातच राहिले. माणसाचा वावर नाही, मांजर नाही, कणग्या भरलेल्या. उंदरांना राज्य मिळाले. पुढच्या वर्षी, १९९४ च्या ऑगस्टमध्ये, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर मरून पडू लागले आणि पिसवा इतक्या झाल्या की लोकांनी तक्रार केली. सप्टेंबरात तिथे गाठीच्या प्लेगचे संशयित रोगी निघाले. त्याच महिन्यात सुरतेला फुप्फुसाच्या प्लेगची आवई उठली, लाखो माणसे शहर सोडून पळाली, त्यांत दवाखाने बंद करून पळालेले डॉक्टरही होते. जगातल्या देशांनी आपली विमाने बंद केली, माल अडवला.

मामल्याच्या गोष्टीत एक बारीक गोष्ट आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. पहिली खबर कुठल्या यंत्राने दिली नाही. 'पिसवा फार झाल्या, उंदीर मरताहेत' असे कोरडवाहू गावातल्या माणसांनी सांगितले. शंभर वर्षांपूर्वी पुण्यात ज्या खबरीसाठी पलटण उतरवली, ती इथे लोकांनी आपण होऊन दिली. मग सरकारने यातून शिकायचे काय होते? गावात उंदीर पडले तर कोणाला सांगायचे, त्याने किती दिवसांत काय करायचे, केले नाही तर कोणाला जाब विचारायचा, हे प्रत्येक चावडीवर लिहायला हवे होते. तुमच्या चावडीवर लिहिले आहे का ते बघा. आमच्या नाही.

विदर्भातल्या भावांसाठी आणखी एक. नागपूरजवळ चांदीपुरा नावाची वस्ती आहे. १९६५ साली तिथल्या तापाच्या रोग्यांच्या रक्तात एक नवा विषाणू सापडला, पुण्याच्या संस्थेने तो ओळखला आणि त्याला गावाचे नाव दिले. २००३ साली त्याच विषाणूने आंध्रात आणि आपल्या राज्यात लेकरे मारली. २०२४ साली गुजरातेत पुन्हा मारली. हा विषाणू वालुमाशी पोचवते, मातीच्या भिंतीच्या फटीत, शेणाच्या ओलीत, गोठ्याच्या अंधारात वाढणारी बारीक माशी. गावाचे नाव जगाच्या पुस्तकात गेले. पण भिंतीच्या फटी लिंपा, लेकरे गोठ्याला लागून निजवू नका, एवढी दोन वाक्ये गावागावात किती वेळा आली?

आता पैशाची गोष्ट करू, कारण ती कोणी करत नाही.

१८ फेब्रुवारी २००६ ला देशातला पहिला बर्ड फ्ल्यू नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला जाहीर झाला. त्याआधी कोंबड्या मरत होत्या तेव्हा राणीखेत म्हणून चालले होते. जाहीर होताच लाखो कोंबड्या मारून पुरल्या. माणसाला लागण निघाली नाही, ते चांगलेच झाले. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यात मुरुंब्याला हेच घडले. नियम काय आहे? सरकार ज्या कोंबड्या मारते त्यांची भरपाई देते. आधी मेलेल्या कोंबडीची नाही. खबर लवकर द्यावी असा त्यातला हेतू आहे, तो मला मान्य आहे. पण पुढे बघा. खबर देणाऱ्याच्या खुराड्याभोवतीच्या एक किलोमीटरमधल्या सगळ्यांच्या कोंबड्या मारल्या जातात, निरोगीसुद्धा. त्याच्या पुढच्या टापूत खरेदी-विक्री बंद. शेड तीन-चार महिने रिकामी, त्याचे काही नाही. बँकेचा हप्ता चालू, त्याचे काही नाही. म्हणजे ज्याने खबर दिली तो स्वतः बुडाला आणि गावाचा वैरीही झाला. २००९ च्या कायद्याने जनावराच्या संसर्गजन्य रोगाची खबर देणे मालकावर बंधनकारक केले आहे. खबर बंधनकारक, आणि खबर दिल्यावर माणूस उभा राहील याची जबाबदारी कोणाची, याबद्दल कायदा मुका. रँडच्या काळात अंथरूण जाळत होते, आज बाजार जाळतात.

हे शहरातल्या लोकांच्या तब्येतीसाठी केले जाते. करायलाच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. पण शहराच्या तब्येतीचा खर्च नवापूरच्या आणि मुरुंब्याच्या शेतकऱ्याने एकट्याने का भरावा?

अफवेचा खर्चही आपणच भरतो. फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये कोरोना कोंबडीतून पसरतो अशी बोंब उठली. त्यात काडीचे तथ्य नव्हते. शास्त्रज्ञांनी सांगितले, सरकारने पत्रके काढली, पण तोवर उत्पादन खर्चाच्या निम्मासुद्धा भाव राहिला नव्हता. कित्येकांनी कोंबड्या फुकट वाटल्या, पिल्ले खड्ड्यात पुरली. कोंबडी खाणारा थांबला की मका आणि सोयाबीनची पेंड घेणाराही थांबतो, म्हणजे ज्याच्या दारात एक कोंबडी नाही त्याचेही नुकसान. २०२२ साली लंपी आली. लंपी माणसाला होत नाही, दुधातून तर नाहीच. तरी शहरात दुधाकडे संशयाने बघणारे निघाले. गुरांचे बाजार बंद झाले आणि पेरणीच्या पैशासाठी बैल विकणारा अडकून पडला. सरकारने मेलेल्या दुभत्या जनावरामागे ३० हजार, बैलामागे २५ हजार आणि वासरामागे १६ हजार जाहीर केले, हे चांगले केले. आजच्या बाजारात चांगली बैलजोडी कितीला मिळते ते मी तुम्हाला सांगायची गरज नाही.

आणि खुद्द पुणे शहर? तिथल्या जागरूक, शिकलेल्या, छापील पेपर वाचणाऱ्या लोकांत संवाद कसा झाला ते २०२५ च्या जानेवारीत दिसले. सिंहगड रस्त्याच्या बाजूला नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, नांदोशी, खडकवासला या भागात माणसांचे हातपाय अचानक लुळे पडू लागले. रोगाचे नाव गुलेन-बॅरे सिंड्रोम. हा रोग स्वतः एकाचा दुसऱ्याला लागत नाही. आधी पोट बिघडते, त्या जंतूशी लढता लढता शरीर आपल्याच मज्जातंतूंवर उलटते. काही रोग्यांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर नावाचा जिवाणू सापडला. हा जिवाणू कोंबडीच्या आतड्यात सुखाने राहतो. अर्धवट शिजलेल्या मांसातून किंवा घाण पाण्यातून माणसाच्या पोटात जातो. रोग्यांचा आकडा दोनशेच्या वर गेला, माणसे दगावली.

ही गावे २०१७ आणि २०२१ साली महापालिकेत ओढली गेली. जमिनी शहरात गेल्या, इमारती उठल्या, कर सुरू झाला. शुद्धीकरण केंद्रातून गाळून आलेले पाणी मात्र तिथे पोचले नव्हते. विहिरीचे पाणी, वर क्लोरीन टाकून, नळाला सोडले जात होते. रोग एका टापूत दाटला होता आणि त्या टापूला पाणी कुठून येते ते सगळ्यांना दिसत होते. पण बोट कोणाकडे गेले? कोंबडीकडे! चिकन खाऊ नका, असा निरोप घरोघर फिरला. दुकाने ओस पडली. शेवटी उपमुख्यमंत्र्यांना सांगावे लागले की कोंबड्या मारायची गरज नाही, मांस नीट शिजवून खा. कोंबडीचा काहीच संबंध नाही असे मी म्हणणार नाही. जिवाणू तिच्यात असतो, कच्चे मांस कापलेल्या विळीने कोशिंबीर चिरू नये, हे खरेच आहे. पण 'पाणी उकळून प्या, मांस शिजवून खा' या दोन वाक्यांत संपणारी गोष्ट पहिल्या दिवशी, गल्लीगल्लीत, ठाम आवाजात सांगितली असती तर अफवेला जागा उरली नसती. महापालिकेच्या नळाबद्दल बोलायला संकोच होता, आणि कोंबडी तर मुकी. चोर सोडून संन्याशाला फाशी.

आता थोडे आपल्याच घरात बघू. फक्त साहेबाला बोलून उठलो तर ही बैठक म्हणजे नुसती गंमत होईल.

कुत्रे चावले की आजही आपल्याकडे तिखट भरतात, चुना लावतात, मांत्रिकाकडे नेतात. रेबीज एकदा अंगात उतरला की वाचणारा जवळजवळ कोणी नाही. त्याआधी मात्र तो पक्का अडवता येतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची, त्याच दिवशी लस सुरू करायची आणि ठरलेले सगळे डोस पुरे करायचे. रक्त निघाले असेल तर जखमेत दुसरे एक इंजेक्शन, इम्युनोग्लोब्युलिन, भरावे लागते. ते मागून घ्यायचे. लस पोटात चौदा घेण्याचे दिवस कधीच गेले, पण त्या चौदा सुयांची भीती अजून गावात फिरते आहे. कोणी काढली नाही म्हणून फिरते आहे. २०३० पर्यंत कुत्र्याचा रेबीज संपवायचा, असा राष्ट्रीय आराखडा २०२१ साली निघाला. तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आज, या घटकेला, लस आणि ते दुसरे इंजेक्शन आहे का?

मेलेले जनावर फुगले, नाका-गुदातून न गोठणारे काळे रक्त आले, तर ती फाशी असू शकते, माणसाला काळपुळी देणारी. ते फाडायचे नाही, सोलायचे नाही, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचे. तिचे बीज मातीत कित्येक वर्षे जिवंत राहते. पावसाळ्यानंतर गवतात-पिकात काम करणाऱ्याला ताप आला आणि अंगावर कुठे चटका बसल्यासारखी काळी खपली दिसली, तर ती डॉक्टरला मुद्दाम दाखवा. २०१८ साली नागपूरकडे ज्या स्क्रब टायफसने माणसे मेली त्याची ती खूण असते. उंदरांच्या अंगावरच्या बारीक किड्यापासून तो येतो, आणि वेळेत ओळखला तर त्याचे औषध साधे, स्वस्त आहे.

गायीने गाभ टाकला, त्याची गोष्ट जरा सविस्तर सांगतो. माझ्या थोरल्या भावाला एका उन्हाळ्यात ताप लागला. रोज संध्याकाळी चढायचा, पहाटे घामाने उतरायचा. कंबर धरली, गुडघे धरले. गावच्या डॉक्टरने टायफॉईड म्हटले, तालुक्याच्या डॉक्टरने मलेरिया, जिल्ह्याच्या डॉक्टरने सांधेवात. चार महिने, तीन दवाखाने, एक शेळ्यांचा कळप विकला गेला. शेवटी शहरातल्या एका तरुण डॉक्टरने तपासायच्या आधी विचारले, "घरी जनावरे आहेत का? मधे एखाद्या गायीने गाभ टाकला होता का?" टाकला होता, सातव्या महिन्यात. जार अडकला होता आणि भावाने तो हातानेच काढला होता. ब्रुसेला निघाला. सहा आठवडे गोळ्या घेतल्या, माणूस उभा राहिला.

चार महिन्यांत कोणीही न विचारलेला तो एक प्रश्न. आणि दुसरी बाजूही बघा. गायीने गाभ टाकला तेव्हा गुरांच्या दवाखान्यात सांगितले होते. तिथल्या वहीत ते लिहिले गेले असेल. ती वही आणि माणसांच्या दवाखान्याची वही यांच्यामध्ये फक्त एक रस्ता होता, दोन्ही इमारती समोरासमोर. पण गुरांचा दवाखाना एका खात्याचा, माणसांचा दुसऱ्या खात्याचा. एकच रोग रस्ता ओलांडून गेला, कागदाला ओलांडता आला नाही. २०२२ च्या डिसेंबरात नागपूरला 'वन हेल्थ' संस्थेची कोनशिला बसली. माणूस, जनावर आणि रान यांचे आरोग्य एकच, हा तिचा मंत्र. मंत्र खरा आहे. आमच्या घरात तो पिढ्यान्‌पिढ्या तसाच आहे, कारण गोठा आणि माजघर यांच्यात एक कूड असतो. कोनशिलेपासून तालुक्याच्या त्या रस्त्यापर्यंत हा मंत्र केव्हा पोचणार ते मंत्र्यांनी सांगावे.

ब्रुसेलाची लस आहे. चार ते आठ महिन्यांच्या कालवडीला, पारडीला, आयुष्यात एकदाच. २०१९ पासून केंद्राचा तसा कार्यक्रम आहे. मायबहिणींना हे ठाऊक हवे, कारण धार काढणाऱ्या, शेण काढणाऱ्या, वासरू ओढायला हात लावणाऱ्या त्याच. पण 'जनजागृती'च्या सभा भरतात त्या सकाळी अकराला, पंचायतीत, पुरुषांच्या. ज्या हाताला रोग लागतो त्या हातापर्यंत शब्द पोचतच नाही. शब्द तरी कसले! 'पशुजन्य आजारांच्या प्रतिबंधात्मक उपाययोजना'. हे वाचून कोणत्या माउलीला कळेल की जार उघड्या हाताने ओढू नको, हातात पिशवी तरी घाल, तो कुत्र्यापुढे टाकू नको, पूर, आणि दूध उकळल्याशिवाय लेकराला देऊ नको?

जिल्हा बैठकीपुढे मी चार मागण्या ठेवणार आहे. प्रत्येक गावात खबर कोणाकडे द्यायची त्या माणसाचे नाव चावडीवर लिहा, आणि दिलेल्या खबरीची पोच व उत्तर ठरल्या दिवसांत लेखी मिळू द्या. नुसता १९६२ नंबर फिरवा म्हणून भागणार नाही. खबरीमुळे ज्याचे जनावर मारावे लागेल त्याला त्या दिवसाच्या बाजारभावाने पैसे द्या, शेड रिकामी राहील तितक्या महिन्यांचे व्याज माफ करा, आणि हा खर्च ज्यांच्या तब्येतीसाठी होतो त्या शहरांच्या तिजोरीतूनही घ्या. तालुक्यातल्या गुरांच्या आणि माणसांच्या डॉक्टरांनी महिन्यातून एकदा एका टेबलाशी बसून वह्या ताडून बघाव्यात, आणि त्या बैठकीला गावची आशाताई व दोन शेतकरी बायका असाव्यात, ऐकायला नव्हे, बोलायला. अफवा उठली तर चोवीस तासांत पुण्यातल्या जबाबदार अधिकाऱ्याने स्वतःच्या नावाने, साध्या मराठीत, काय खरे आणि काय खोटे ते जाहीर करावे. उशीर झाला तर पडलेल्या भावाचा फरक खात्याने भरावा. ही चौथी मागणी ऐकून साहेब लोक हसतील. हसू द्या. भाव पडतो तेव्हा आपण कुठे हसतो?

बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणायचा आहे. गेल्या वर्षभरात गावात किती जणांना कुत्रे चावले, लस कुठे मिळाली, किती किलोमीटर जावे लागले आणि पदरचे किती पैसे गेले. किती गायी-म्हशींनी गाभ टाकला, कोणाला सांगितले, पुढे काय झाले. महिनाभर न हटणारा ताप कोणाला आला होता का. घरोघर विचारून लिहा, अंदाजाने नको, आणि ज्याचे नाव द्यायचे नसेल त्याचे नाव देऊ नका. लिहिणारी बाई असेल तर अधिक चांगले. सगळ्या जिल्ह्याचे कागद एकत्र बांधून आपण ते औंधला घेऊन जाऊ आणि त्यांची पोच घेतल्याशिवाय उठायचे नाही.